घरी शिकणारे मूल आणि त्याचे सवंगडी

शाळा मुलाला काय देते, असा प्रश्न विचारला की पहिले उत्तर अभ्यासक्रमाचे येते : भाषा, गणित, इतिहास, विज्ञान. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. शाळेच्या दिवसात पाठांच्या अवतीभोवती कितीतरी गोष्टी घडत असतात. मूल बाकावर शेजाऱ्यासाठी जागा करते, डबा वाटून खाते, खेळात हरते, रुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलू लागते. वेगळ्या घरातील, वेगळ्या जातीचे, वेगळी बोली बोलणारे मूल त्याच्या शेजारी येऊन बसते आणि त्याच्याशी कसे वागावे हे त्याला कोणी न शिकविता समजते. वेळापत्रकात या शिक्षणाला तासिका नसते. त्यामुळे शाळा घरी आणली गेली, तेव्हा पाठ घरी आले आणि हे दुसरे शिक्षण मागे राहिले. ते राहून गेल्याची नोंद मात्र कोणत्याही गुणपत्रिकेवर झाली नाही.

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरून शाळा शिकणाऱ्या मुलांना समाजात मिसळण्याची संधी कोठे व कशी मिळावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचा विचार जयपूरमधील बनी पार्क या वस्तीच्या संदर्भात करणे उपयुक्त ठरेल, कारण वस्तीच्या रचनेचा मुलांच्या सोबतीशी किती निकटचा संबंध असतो हे तेथे स्पष्ट दिसते.

सवाई जयसिंह यांनी १७२७ साली वसविलेल्या जयपूरच्या तटबंदीतील शहरात घराला घर लागून आहे. गच्चीवरून गच्चीवर हाक पोहोचते. गल्लीच्या तोंडाशी बाजार आहे, आणि मोठे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे बडी चौपड व छोटी चौपड यांसारखे प्रशस्त चौक आहेत. लोकांनी एकत्र यावे, ही सोय नगररचनेतच केलेली आहे. चांदपोल दरवाजाबाहेर पश्चिमेकडे असलेला बनी पार्क मात्र वेगळ्या धर्तीवर वाढला. रुंद रस्ते, ऐसपैस आवारे, आवाराला भिंत आणि भिंतीला फाटक, अशी येथील घरांची धाटणी. जवळच जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी, सिंधी कॅम्पचे बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन आहे. जुन्या मोठ्या घरांपैकी काही घरांची आता हॉटेले झाली आहेत. अशा वस्तीत राहणे सुखाचे असते. परंतु दिवसभर घरीच शिकणाऱ्या मुलाला येथे सवंगडी आपोआप मिळत नाहीत. फाटकाबाहेर कोणी खेळत असेल तरच मूल बाहेर जाणार, आणि सारीच मुले आपापल्या फाटकाआड असतील तर बाहेर कोणीच नसणार. भारतातील बहुतेक मोठ्या शहरांच्या नव्या वसाहतींना हे वर्णन कमीअधिक प्रमाणात लागू पडते.

दूरवरून येणारा पाठ मुलाला एकटे पाडतोच, असे मात्र समजू नये. या बाबतीत खुद्द जयपूर जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा एक मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्यांत राजस्थानातील जयपूर, कोटा व सवाई माधोपूर या जिल्ह्यांतील खेडी होती. सकाळी शाळकरी मुलांसाठी साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे आणि संध्याकाळी प्रौढांसाठी. संच सार्वजनिक होता. मुले त्याच्यापुढे दाटीवाटीने बसत, एकाच वेळी हसत, एकाच वेळी प्रश्न विचारीत, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याविषयी बोलायला सोबती शेजारीच असे. पाठ आकाशातून येत होता, पण तो ऐकणारा समुदाय जमिनीवर एकत्र होता.

पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत संच लहान होत गेला. गावाचा संच घराचा झाला, आणि घराचा संच शेवटी एकेकाच्या तळहातावर आला. सोय वाढली, निवड वाढली. मात्र पाठाभोवती जमणारा समुदाय विरत गेला. एकटेपणाचे मूळ शोधताना यंत्राला दोष देण्याआधी, यंत्रापुढे किती जण बसतात हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या, तेव्हा याची प्रचीती आली. राजस्थान सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘स्माइल’ नावाचा उपक्रम सुरू करून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांद्वारे मुलांकडे पाठ पाठविण्यास आरंभ केला. त्यानंतर आकाशवाणीवरून ‘शिक्षा वाणी’ आणि दूरदर्शनवरून ‘शिक्षा दर्शन’ हे कार्यक्रम सुरू झाले. ज्या घरी स्मार्टफोन नाही त्या घरीही पाठ पोहोचावा, हा त्यामागील हेतू योग्यच होता. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांची कालमर्यादाही सुचविली : पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी अशी चार सत्रे. मुलांच्या डोळ्यांची व मनाची काळजी त्यात होती. पण सत्रे संपल्यावर उरणाऱ्या दिवसाचे काय करायचे, याचे उत्तर त्या काळात कोणापाशीच नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीस जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, केवळ पडद्यावरच्या शिक्षणात सामाजिक व भावनिक बाजू दुबळी राहते, हा इशारा स्पष्टपणे दिलेला आहे.

याच काळात महाराष्ट्रात एक साधी युक्ती निघाली. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत पुष्कळ घरांत स्मार्टफोन नव्हते. तेथील शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगविले : अक्षरे, शब्द, गणिते, आकृत्या. मुले अंतर राखून भिंतीपुढे उभी राहत आणि वाचीत. एका भिंतीवरचा पाठ झाला की पुढल्या गल्लीतील भिंतीकडे जात. यातून अभ्यास किती झाला, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू या. मुले घराबाहेर आली, एकमेकांना दिसली, आणि शेजारची वडीलमाणसेही सहजच त्यांच्या अभ्यासात डोकावू लागली, ही गोष्ट लहान नाही.

साथ ओसरली आणि शाळा पुन्हा भरू लागल्या. तथापि घरी शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न संपलेला नाही, कारण तो साथीपूर्वीही होता. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त विद्यालयाचा प्रकल्प हाती घेतला. १९८९ साली त्याचे राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले, आणि २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. राजस्थानचे स्वतंत्र राज्य मुक्त विद्यालय २००५ साली जयपुरात स्थापन झाले. आता पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या शाळाही निघाल्या आहेत. या सर्वांत शिकणारी मुले एका साच्याची नाहीत. कोणी दीर्घ आजारी आहे, कोणी अपंग आहे आणि जवळच्या शाळेच्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत. कोणी खेळाडू आहे, कोणी दुकानात किंवा कारखान्यात काम करून शिकतो. शाळेतील छळाला कंटाळून बाहेर पडलेली मुलेही त्यांत आहेत. अशा मुलाला घरचा पाठ म्हणजे मोकळा श्वास असतो. त्याला पुन्हा गर्दीत लोटणे क्रूरपणाचे होईल. त्याला सोबत हवी असते, पण ती लहान गटाची, ओळखीच्या जागेतील आणि त्याच्या कलाने वाढणारी.

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. पाचवी किंवा आठवीनंतर शाळा सुटलेली मुलगी मुक्त विद्यालयात नाव घालते, तेव्हा तिच्या घरचे बहुधा एवढ्यावर समाधानी असतात की परीक्षा देता येईल आणि रोज बाहेरही जावे लागणार नाही. पुस्तक घरी येते. परंतु या शिक्षणपद्धतीत अभ्यासकेंद्रावर भरणाऱ्या संपर्कवर्गांचीही योजना आहे. तेथे विद्यार्थी प्रत्यक्ष येतात, शिक्षकांना अडचणी विचारतात. हिशेबी दृष्टीने पाहणाऱ्याला हे वर्ग अभ्यासक्रमाची पुरवणी वाटतील. त्या मुलीला मात्र घराबाहेर पडण्याचे, समवयस्क मैत्रिणींशी बोलण्याचे आणि घरच्यांखेरीज दुसऱ्या वडीलमाणसाला प्रश्न विचारण्याचे तेवढेच एक सर्वमान्य निमित्त असते. तोच वर्ग उद्या पडद्यावर नेला, तर वेळ आणि प्रवासखर्च वाचेल हे खरे. पण मुलीच्या पायाखालची तेवढी वाटही जाईल. खर्चाची बचत मांडताना हा तोटाही मांडला गेला पाहिजे.

दूर राहणाऱ्या मुलांची शाळा उभारताना सोबतीचा विचार आधी करता येतो, याचे एक जुने उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तेथील अंतर्भागात दोन घरांमध्ये कित्येक मैलांचे अंतर असते. वैद्यकीय मदतीसाठी त्या घरांत बिनतारी यंत्रे बसविली होती. अ‍ॅडलेड मीथ्के या शिक्षणतज्ज्ञ बाई १९४०च्या दशकात त्या भागात गेल्या असता तेथील मुलांचा लाजरेपणा त्यांच्या ध्यानात आला. त्याच यंत्रांवरून ही मुले एकमेकांशी बोलू शकतील, ही कल्पना त्यांनी मांडली. त्यातून १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे आकाशमार्गी शाळा सुरू झाली. तेथील मुले वर्षातून काही वेळा गावी एकत्र येतात, काही दिवस बरोबर राहतात, खेळतात, आणि ज्यांचे नुसते आवाज ऐकले त्यांचे चेहरे पाहतात. आवाजाची मैत्री खोटी नसते. पण भेट ठरलेली असली म्हणजे तिला बळ येते.

अशा भेटींतून मुलांनी काय करावे? नुसते एकत्र बसविल्याने मैत्री जुळत नाही. मुलांना मिळून करण्याजोगे काम लागते आणि त्यात खरी जबाबदारी लागते. जयपूरपासून फार दूर नसलेल्या, अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे दिवसा गुरे राखणाऱ्या मुलामुलींसाठी रात्रशाळा चालविण्यात आल्या. तेथे १९९०च्या दशकात बालसंसद सुरू झाली. रात्रशाळेतील मुलेच मतदान करीत, आपले प्रतिनिधी निवडीत, आणि ते प्रतिनिधी शाळांच्या कामावर लक्ष ठेवीत. दिवसाच्या शाळेत ज्यांना जागा नव्हती, त्या मुलांना सार्वजनिक जीवनाचा हा पाठ मिळाला. आपल्याकडे कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली, तीही याच विचाराने. मुले गुरांमागे कुरणात एकत्र असतात, तर शाळेने तेथे जावे. आज घरी शिकणाऱ्या मुलांचे कुरण कोणते, हे शोधणे एवढेच काम उरते.

बनी पार्कच्या मुलांसाठी असे कुरण शोधायला लांब जावे लागत नाही. चांदपोलपर्यंतची वाट थोडीच आहे, आणि पुढे सारे जुने शहर उघडे आहे. जंतरमंतरच्या अंगणात सावली मोजून वेळ काढता येते. पडद्यावर वाचलेले भूगोलाचे प्रकरण तेथे चार मुले मिळून पडताळू शकतात. रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल संग्रहालय १८८७ पासून लोकांसाठी खुले आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या जवाहर कला केंद्रात नाटक, संगीत आणि चित्रकला यांचा राबता असतो. मकरसंक्रांतीला जयपूरच्या गच्च्या पतंगांनी भरून जातात, तीज आणि गणगौरच्या मिरवणुका त्रिपोलिया दरवाजातून निघतात. हे सर्व आधीपासून आहे. मात्र एकटे मूल संग्रहालयात गेले तर ते प्रेक्षक राहते. सहा मुले दर शनिवारी गेली तर त्यांची टोळी होते.

येथे पालकांचे काम सुरू होते, आणि ते अवघड नाही. वस्तीतील घरी शिकणाऱ्या पाच-सात मुलांची गाठ घालून द्यावी. आठवड्यातील एक ठरावीक दिवस आणि एक ठरावीक जागा असावी. मग ते उद्यान असो वा एखाद्या घराचे आवार. दिवस बदलू नये, कारण मैत्री वारंवारतेने वाढते. एक वडीलमाणूस जवळ असावे, पण दर क्षणी मध्ये पडू नये. भांडण मिटविण्याचा पहिला प्रयत्न मुलांनाच करू द्यावा. गट एकाच वयाचा किंवा एकाच ऐपतीच्या घरांचा नसावा. बनी पार्कच्या बंगल्यांत काम करणाऱ्या बाईची मुलगी जर मुक्त विद्यालयातून शिकत असेल, तर तिची जागाही त्याच सतरंजीवर आहे. मुली सुरक्षित घरी परततील याची जबाबदारी सर्व घरांनी वाटून घ्यावी, म्हणजे ‘कोण पोहोचवणार’ या एका प्रश्नावर मुलीचे येणे अडणार नाही.

संस्थांकडूनही काही मागणे रास्त ठरेल. मुक्त विद्यालयांनी संपर्कवर्गात मुलांना एकमेकांची ओळख होईल एवढा मोकळा वेळ ठेवावा. नेहमीच्या शाळांनी सुट्टीच्या दिवशी आपले मैदान आणि ग्रंथालय वस्तीतील अशा मुलांना खुले करावे. सार्वजनिक ग्रंथालयांनी बालविभागात बोलायला मुभा असलेला एक कोपरा राखावा. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

पाठ घरी पोहोचविण्यासाठी देशाने उपग्रह, आकाशवाणी आणि दूरध्वनीचे जाळे उभारले, आणि ते काम मोठेच आहे. मुलाला फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत पोहोचविण्याचे काम त्यामानाने फारच लहान आहे. पण ते कोणतेही यंत्र करणार नाही. ते बनी पार्कमधल्या, आणि अशा प्रत्येक वस्तीतल्या, शेजाऱ्यांनीच करावयाचे आहे.