आधी गिऱ्हाईक, मग खातं
(मंडळाच्या महिला मेळाव्यातील भाषण)



गेल्या दिवाळीत आम्ही पाच जणींनी इथे इंदूरमध्ये घरगुती फराळ विकायला सुरुवात केली. हौसेनं फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, सगळीकडे खाती उघडली. चकलीच्या व्हिडिओला पुण्या-मुंबईहून भरपूर लाइक आले, ऑर्डर मात्र हातावर मोजण्याइतक्याच. दहा किलो भाजणी उरली. घरून घेतलेले पैसे कसे परत करायचे, ही चिंता लागली.

मग हिशेब मांडला. आमचं गिऱ्हाईक राजवाडा ते सुदामा नगर एवढ्यातलं, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं, कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, भाव टाकले. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात. पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच निरोप पोचतो. हे आम्हाला उशिरा कळलं! आता डबा देतानाच नंबर सेव्ह करायला सांगतो. निरोप आठवड्यातून एकदाच. रोजच्या 'शुभ सकाळ'ला लोक कंटाळतात.

पाडव्याला श्रीखंडाच्या ऑर्डरी दोन दिवस आधी घेतल्या, तेवढाच चक्का बांधला. काही उरलं नाही. उसनेही फिटले.

भगिनींनो, खातं उघडण्याआधी आपलं गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहा, एवढंच सांगणं.

गणपती बाप्पा मोरया!