तीन पायऱ्या, अठरा फूट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘एआय आणि आपली मुलं’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्याबद्दल तुमची मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी आज सकाळी साडेआठला मेजरिंग टेप घेऊन शाळेत आले होते. त्या टेपवर काय भरलं, ते सांगते.

आपल्या व्हरांड्याच्या तीन पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची. म्हणजे दीड फूट उंची. शेजारी आता सिमेंटचा रॅम्प झालाय, आपल्या वेळी तो नव्हता. त्याची लांबी भरली नऊ फूट. नियम असा की एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी, म्हणजे दीड फुटाला अठरा. आपला रॅम्प बरोबर निम्मा आहे, त्यामुळे चढ दुप्पट. आपली मैत्रीण व्हीलचेअरवरून आली, तेव्हा दोघांनी मागून जोर लावला. वर पोचलो तर जाळीच्या दाराला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा आपल्यासाठीच हार आणायला गेलेले.

तिचं नाव घेत नाही. “नाव घेतलंस तर उठून जाईन,” म्हणाली. मग स्वतःच हसली, “कशी उठेन ते विचारू नकोस.” बाकी सगळं सांगायला तिने परवानगी दिली आहे.

तेव्हा ती कॅलिपर लावून चालायची. नववी-दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर. आम्ही दोघी एकमेकींची मनगटं धरून खुर्ची करायचो आणि तिला वर न्यायचो. बाईंनी एकदा प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर आमचं कौतुक केलं होतं. ते मी आजवर जपून ठेवलंय, मुलीलाही सांगितलंय.

गेल्या महिन्यात या मेळाव्याच्या निमित्ताने आम्ही फोनवर बोललो आणि मी ती आठवण काढली. ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, शाळेच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. मुलींचं स्वच्छतागृह मैदानापलीकडे, आत उंच पायरी, खाली बसायचं भांडं, आणि कॅलिपरचा पाय आत घेतला की दार लागायचं नाही. साडेपाचपर्यंत ती तशीच बसायची. आमच्यापैकी एखादी गैरहजर असली, तर ती फाटकातूनच घरी परतायची. प्रयोगशाळा तर आणखी एक मजला वर. सगळे प्रयोगाला गेले की ती वर्गात एकटी, आणि प्रयोगाची वही आमची बघून लिहायची.

“तुम्ही चांगल्याच होतात गं,” ती म्हणाली. “पण कुणीतरी चांगलं वागेल, याची मला रोज वाट बघावी लागायची.”

फोन ठेवल्यावर मला आठवलं, आमच्या वर्गाखाली तळमजल्यावर पाचवी ‘ब’ बसायची. दोन वर्गांची अदलाबदल केली असती, तर खर्च शून्य. सर, बाई, हे तुम्हाला उद्देशून म्हणत नाही. आम्हालाही सुचलं नाही. आणि तिने मागितलं नाही, कारण मागणं म्हणजे आणखी एक उपकार घेणं, असं तिला वाटायचं.

माझ्या कामातही मी हेच केलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने बिलं भरायचं एक ॲप केलं. चार महिने खपलो. शेवटी एका अंध सहकाऱ्याने ते स्क्रीन रीडरवर लावलं, आणि फोन बोलू लागला : “बटन. बटन. बटन.” कुठल्याच बटनाला आम्ही नाव दिलं नव्हतं. पैसे भरायचं कोणतं, रद्द करायचं कोणतं, कळायला मार्ग नाही. दुरुस्तीला एक दुपार लागली. त्याला पहिल्या महिन्यात बोलावलं असतं तर तीही लागली नसती.

मेट्रो स्टेशनवर पिवळ्या उठावाच्या फरशा असतात ना, त्या जपानच्या सेइइची मियाके यांनी शोधल्या. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जात चालली होती. १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसल्या. लांबट पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. आपल्याकडे फुटपाथवर त्या पट्ट्या चलाचला म्हणत थेट विजेच्या डीपीवर नेऊन आदळतात, ती गोष्ट वेगळी.

कायद्याचं थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्याचे नियम २०१७ चे. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ मध्ये संपली. खाजगी असली तरी शाळा त्यात येतेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यातले किमान निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. पण मी कायद्यासाठी उभी नाही. सकाळी मुख्याध्यापिका बाईंशी बोलताना कळलं, यंदा आठवीत एक मुलगा आहे. त्याची आई त्याला रोज पाठीवरून आणते. जूनमध्ये त्याचा वर्ग वर जाणार.

आपण बॅचच्या नावाची कमान द्यायचं म्हणतोय. माझी विनंती आहे की तो निधी इकडे वळवावा. सायकल स्टँडमुळे सरळ अठरा फूट बसत नाहीत. पण नऊ फूट चढ, मग खुर्ची वळेल असा पाच बाय पाचचा सपाट कट्टा, आणि उलट दिशेला पुन्हा नऊ फूट, असं बसतं, मी मोजलंय. दोन्ही बाजूंना कठडा हवा, मोठ्यांसाठी एक दांडी आणि लहानांसाठी खाली दुसरी. फरशी गुळगुळीत नको, पावसाळा आपल्याला माहीत आहे. शिक्षकखोलीशेजारी कमोडचं एक स्वच्छतागृह, तीन फुटी दार, बाहेर उघडणारं, धरायला दांड्या, आत खुर्ची फिरेल एवढी जागा. जाळीच्या दाराचं कुलूप शाळेच्या वेळेत काढून ठेवायचं. आणि त्या मुलाचा वर्ग खालीच ठेवायचा; बाई हो म्हणाल्या आहेत.

येत्या रविवारी दहा वाजता मिस्त्री येणार आहेत. आपली मैत्रीणही येणार आहे, कारण खडूने आखलेल्या रेषेवर खुर्ची फिरवून बघायचं काम तिचं. त्या मुलालाही आईसोबत बोलावलंय. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी या. चहा मी आणते.

तिची एकच अट आहे, रॅम्पला तिचं नाव द्यायचं नाही.