शहरातला किनारा की बेटावरचा मुक्काम?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या अंदमान सहलीसाठी बोलावलेल्या बैठकीत, ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून सहल अंदमानला न्यायची, हे ठरायला आपल्याला दहा मिनिटं लागली. पण राहायचं कुठे, यावर गेल्या दोन बैठका गेल्या आणि दुसऱ्या बैठकीत चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही. एक गट म्हणतो, सगळे दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच, समुद्राकाठच्या हॉटेलात राहू. दुसरा गट म्हणतो, एवढ्या लांब जायचं आणि शहरातच राहायचं? हॅवलॉकच्या रिसॉर्टमध्ये राहू. कमिटीने मला सांगितलं की तुम्ही बँकेत आयुष्यभर दोन्ही बाजू तपासल्या आहेत, तर दोन्ही बाजू मांडा. म्हणून उभा आहे.

आधी थोडी ओळख. आमच्या कॅशियर लोकांनी अंदमान न जाता लाखो वेळा पाहिलंय. जुनी लालसर वीस रुपयांची नोट आठवते ना? तिच्या मागच्या बाजूला नारळाची झाडं आणि समुद्र आहे. ते दृश्य पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएटचं आहे. त्या डोंगराचं नाव आता माउंट मणिपूर आहे. २०१९ साली नवी वीसची नोट आली, तिच्यावर आपलं वेरूळ आलं.

नावं तिथे बरीच बदलली आहेत, त्यामुळे तिकिटं काढताना घोटाळा नको. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं आणि नील बेट शहीद द्वीप. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा ही नावं दिली. मी आज जुनी नावं घेतो, कारण आपल्या तोंडात तीच बसलेली आहेत.

आता पहिली बाजू, शहराची. पोर्ट ब्लेअरला विमानतळ आहे, बाजार आहे, मोठं सरकारी रुग्णालय आहे, रिक्षा-टॅक्सी हाताशी आहे. आणि मराठी माणसाला तिथे ओढणारी गोष्ट शहरातच आहे, सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत ते बांधलं. मुळात मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात शाखा होत्या, आज तीन उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधी तिथे पोचले होते. विमानतळाला सावरकरांचंच नाव आहे. जेल घाईघाईत बघायची जागा नाही. सकाळी कोठड्या आणि संध्याकाळी तिथला ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम, असं दोनदा जावं. इमारत तीन मजली आहे, जिने आहेत. शहरात मुक्काम असला की दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येते, आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांना ती पाठ टेकायला लागतेच!

शहराचा समुद्रकिनारा म्हणजे कॉर्बिन्स कोव्ह. गावापासून काही किलोमीटरवर, नारळांची रांग असलेली छोटी खाडी. तिथे किंवा वाटेवर समुद्राकडे तोंड असलेली हॉटेलं आहेत. किनारा चांगला आहे, पण शहराचाच. सुट्टीच्या दिवशी गर्दी, पाण्यावर स्कूटर, वर चहा-भज्याच्या टपऱ्या. आपल्या जुहू-गिरगावइतकी गर्दी नाही, पण 'आपण आणि समुद्र' असंही नाही.

दुसरी बाजू हॅवलॉकची. पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला सुमारे चाळीस किलोमीटर. खासगी जलद बोटीने साधारण दीड ते दोन तास, सरकारी बोटीने थोडा जास्त वेळ. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी आहेत आणि कानावर बंगाली पडते. २००४ साली टाइम मासिकाने राधानगरचा किनारा आशियात सर्वोत्तम ठरवला होता. मागे उंच दाट जंगल, पुढे रुंद पांढरी वाळू. तो किनारा पश्चिमेला आहे, म्हणून सूर्यास्त तिथेच बघायचा.

इथेच एक मेख आहे. अंदमानला घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. मुंबई आणि अंदमान यांच्यात साधारण वीस रेखांशांचं अंतर आहे, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटांचा फरक. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. बोटीही दिवसाउजेडीच चालतात, परतीची शेवटची बोट दुपारी उशिरा निघून जाते. म्हणजे "शहरात राहू आणि एक दिवस हॅवलॉकला जाऊन येऊ" म्हणणाऱ्यांना बेट दिसेल, पण राधानगरचा सूर्यास्त दिसणार नाही. तो हवा असेल तर रात्र बेटावर काढावी लागेल. शहर-गटाने हे नीट लक्षात घ्यावं.

आता बेट-गटाने लक्षात घ्यायच्या गोष्टी. रिसॉर्टच्या फोटोत खोलीच्या दाराशी निळं पाणी दिसतं. ते फोटो भरतीचे असतात. बहुतेक रिसॉर्ट पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर-विजयनगरकडे आहेत, आणि तिथे ओहोटीला पाणी लांब जातं, खडक आणि प्रवाळ उघडं पडतं. बघायला छान, पण डुंबायला नाही. म्हणून बुकिंगच्या आधी त्या तारखांच्या भरती-ओहोटीच्या वेळा विचारा. दुसरं, अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली राधानगरच्या बाजूलाच एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. घाबरवत नाही, पण लाल फलक आणि जीवरक्षकाची शिट्टी यांच्याशी वाद घालायचा नाही. आणि आडोशाच्या, निर्मनुष्य खाडीत तर कोणीच उतरायचं नाही, पोहणारे असोत वा नसोत.

तिसरी गोष्ट हवामान. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक व नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढलं. असं दरवर्षी होत नाही. पण एखाद-दुसऱ्या दिवसाच्या बोटी रद्द होणं तिथे नवलाचं नाही. जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो, म्हणून आपण फेब्रुवारी म्हणतोय ते योग्यच आहे.

चौथी गोष्ट, जी इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय नाही. रुग्ण गंभीर असेल तर बोटीने किंवा हेलिकॉप्टरने पोर्ट ब्लेअरला न्यावा लागतो, आणि रात्री दोन वाजता जेटीवर बोट उभी नसते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, ज्यांचं आठवड्यात दोनदा डायलिसिस आहे, ज्यांना रात्री ऑक्सिजन लागतो, त्यांनी हा विचार स्वतः, आपल्या डॉक्टरांशी बोलून करायचा आहे. मुलांनी परस्पर नाही आणि कमिटीनेही नाही.

आता हिशेब, नाहीतर बँकवाला म्हणून कोणी ओळखणार नाही. आकडे समजण्यासाठी घेतलेत, दर वेगळे असतील. समजा, शहरातली खोली रात्रीला ५,००० आणि बेटावरची ८,०००. दोन रात्रींचा फरक ६,०००. पण एवढ्यावर थांबू नका. दोघांची बोट, जाऊन-येऊन चार तिकिटं, १,५०० ने ६,०००. रिसॉर्टमध्ये जेवण तिथेच घ्यावं लागतं, रात्री बाहेर पाय मोकळे करायला खाऊगल्ली नाही, त्याचे जास्तीचे ३,०००. राधानगरला जायला-यायला टॅक्सी, जेटीची ने-आण, ३,०००. म्हणजे खोलीच्या दरात फरक ६,००० दिसतो, पण पाकिटातून १८,००० जास्त जातात. शिवाय बोट रद्द झाली तर आणखी एका रात्रीचे ८,००० बाजूला ठेवा. वापरावे लागले नाहीत तर आनंदच. बोटीचे पैसे बोट रद्द झाल्यावर परत मिळतात, पण पुढच्या हॉटेलची चुकलेली रात्र बहुधा बुडते. म्हणून रद्द करण्याच्या अटी पैसे भरण्याआधी वाचा. मी त्या वाचून देईन, बारीक अक्षर वाचायची सवय अजून गेलेली नाही. २०२० साली समुद्राखालून चेन्नई-अंदमान केबल आली, त्यामुळे इंटरनेट पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे. तरी थोडी रोकड जवळ ठेवा.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग काका, कौल कुणाला?

कौल देण्याआधी एका घराबद्दल सांगतो. नाव-विंग सांगत नाही, त्यांची परवानगी घेतली आहे. पंचेचाळीस वर्षांचा संसार. काका हृदयाचे रुग्ण, त्यांना शहरच हवं, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. काकूंना बेट हवं. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, लग्न झाल्यापासून घरात कायम दहा माणसं. सासू-सासरे झाले, मुलं झाली, मग नातवंडं. समुद्र मी खूप पाहिला, पण दर वेळी कुणाचं तरी बोट धरून. दोन दिवस नुसतं बसायचंय." घरात ठरलं काय, तर दोघांनीही शहरातच राहायचं. काकूंनी मानही हलवली. पंचेचाळीस वर्षं हलवत आल्यात, तशीच.

मला वाटतं, आपला वाद इथे अडकलाय. आपण हॉटेल निवडतोय असं समजतो, आणि प्रत्यक्षात कोण कुणासाठी मन मारणार ते ठरवतोय. तरुण मंडळींना वाटतं ज्येष्ठांमुळे बेट हुकणार. ज्येष्ठांना वाटतं आपण ओझं झालो. गेल्या बैठकीत एक सूचना आली की सत्तरीपुढच्यांनी बेटावर येऊच नये. सूचना काळजीपोटी होती, पण मी तिला विरोध करतो. सत्तरीचा एखादा माणूस रोज सकाळी चार किलोमीटर चालतो, आणि पन्नाशीचा एखादा तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढत नाही. वयाचा दाखला बघून बोटीत बसवायचं नसतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एकूण पाच रात्री. पहिल्या दोन सगळ्यांच्या पोर्ट ब्लेअरला, जेल आणि शहर सगळे मिळून बघू. मधल्या दोन रात्री ज्यांना बेट हवं ते हॅवलॉकला, ज्यांना नको ते त्याच शहरातल्या हॉटेलात, कॉर्बिन्स कोव्हच्या बाजूला. शेवटची रात्र पुन्हा सगळ्यांची शहरात. बेटावरून उतरून त्याच दिवशी विमान पकडायचं, असं कोणीही तिकीट काढू नये. ती शेवटची रात्र म्हणजे आपला विमा आहे. बेटाच्या गटात औषधांची पेटी सांभाळणारी दोन जाणती माणसं असावीत, आणि शहरातल्या गटातही तितकीच.

बेटावर रिसॉर्ट निवडताना पाच प्रश्न विचारू. तळमजल्याची खोली मिळेल का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, वीज गेल्यावर जनरेटर रात्रभर चालतो का, कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय होईल का, आणि जेटीवर सामान उचलायला माणूस येईल का. या पाचांची उत्तरं लेखी मागू. स्विमिंग पूल आहे की नाही, ते सगळ्यात शेवटी.

नवरा-बायकोंनी दोन रात्री वेगळं राहायला हरकत नाही, हेही मी इथे सगळ्यांसमोर सांगतो. काका शहरात राहतील, कॅरमला त्यांना जोडीदार आहेत, आणि रुग्णालय जवळ आहे. काकू बी विंगमधल्या बायकांबरोबर बेटावर जातील आणि वाळूत नुसत्या बसतील. फोन लागतो, रात्री बोलतील. पंचेचाळीस वर्षांनंतर दोन रात्रींचा विरह संसाराला झेपतो. आजच सकाळी मी काकांना हे बोललो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिचं नाव लिहून टाका." मी लिहिलंय.

तर कार्यालयात कागद ठेवलाय. त्यावर तीन रकाने आहेत, नाव, बेट की शहर, आणि कोणती औषधं चालू आहेत. येत्या रविवारपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या हाताने भरावा. नवऱ्याने बायकोचा भरू नये, मुलाने आईचा भरू नये. ज्यांना लिहायला दिसत नाही त्यांच्यासाठी मी संध्याकाळी सहा ते सात तिथे बसतो, सांगा तसं लिहीन.