आरोग्याचा उपदेश आणि गरिबाचे पोट
(कोहमारा येथे शेतकरी, कारागीर व मजूर मंडळींपुढे केलेले भाषण)



खर्रा, बिडी आणि दारू या तीन जिनसा सोडा, असे सरकार आपणांस भिंतीवर लिहून, पाकिटावर चित्र छापून आणि दंड करून सांगत असते. हा उपदेश करण्याचा सरकारला हक्क आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर, एवढाच आजचा प्रश्न आहे.

उपदेश खोटा आहे, असे मात्र कोणी समजू नये. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे गालात धरला म्हणजे तोंड आखडते. पुढे घास घेण्यापुरताही जबडा उघडत नाही. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील दर शंभर प्रौढांपैकी सुमारे २७ जण तंबाखू सेवन करणारे निघाले, आणि त्यांतले बहुतेक ती ओढणारे नव्हेत, तोंडात धरणारे.

“शरीर आमचे, मर्जी आमची, सरकारला काय करायचे?” असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही विचारतो, व्यसन जडल्यावर मर्जी उरते कोठे? शाळेतले पोर थोरांचे पाहून खर्रा तोंडात टाकते, ती काय त्याची मर्जी? आणि घरधनी अंथरुणास खिळला म्हणजे दवाखान्यापायी बांधी गहाण पडते, तेव्हा बायकोची मर्जी कोण विचारतो?

दुसरे शहाणे म्हणतात, “हे लोक अडाणी, दंडुक्यावाचून सुधारायचे नाहीत.” त्यांनी एकदा आषाढात रोवणीला यावे आणि चिखलात कंबर वाकवून दिवस काढावा. तंबाखूने भूक मरते, हे मजुराला पुस्तक न वाचता कळले आहे. ज्याच्या पोटात वेळेवर अन्न नाही, त्याला नुसता उपदेश करणे म्हणजे तहानेल्याला विहिरीचे वर्णन ऐकविणे होय.

आता उपदेश करणाराचे हात पाहू. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. उन्हाळ्यात आपल्या बाया पहाटे जंगलात जातात, सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतात. त्याच पानाची बिडी होते. दारूवरच्या करातून सरकारी खजिन्यात दरसाल हजारो कोटी रुपये पडतात. एका हाताने पैसा घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने आपल्याला बोट दाखवावयाचे, हा न्याय कोणता? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यास बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. त्या करणारा दूर राहतो, आणि टपरीवाला पोरगा सापडतो.

हे गाऱ्हाणे नवे नाही. १८८० साली पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद असता जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढू लागल्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पिणाऱ्यास दोष देऊन ते थांबले नाहीत. दुकान उघडू देणाऱ्यास त्यांनी जाब विचारला. तोच मार्ग आम्हांस खरा वाटतो.

लोकांना विचारून केलेली बंदी कशी असते, तेही पाहा. गावातील पंचवीस टक्के बायांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येते. आडव्या बाटलीवर मत म्हणजे दुकान बंद. परंतु त्यातही मेख आहे. मत देण्यास आलेल्यांत बहुमत मिळून भागत नाही. यादीतल्या एकंदर बायांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. आमदार निवडताना अशी अट नाही. मग बाईने दुकान बंद करायचे म्हटले की ती का?

राहिला बिडीचा प्रश्न. बिडी वळण्याचे काम बहुतांशी बायांच्याच हातचे. दिवसभर तंबाखूची धूळ त्यांच्या नाकातोंडात जाते. बिडीवरच्या उपकरातून त्यांच्या कल्याणनिधीत पैसा जाई. तो उपकर २०१७ साली नवी करपद्धती येताच उठला. बिडी ओढणे बंद व्हावे, हे आम्हांस मान्य आहे. पण वळणारीने उद्या चूल कशावर पेटवावी, याचे उत्तर त्याच कागदावर हवे. आणि हे आपल्यालाही लागू आहे. वनहक्क कायद्याने गडचिरोली-गोंदियातील कित्येक ग्रामसभा आता तेंदूपान स्वतः विकतात. तेव्हा तो पैसा आपल्याही ओंजळीत पडतो. त्यातला काही वाटा गावाने दुसरा धंदा उभारण्यास राखून ठेवावा.

तेव्हा आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. करणाऱ्यास आधी धरा, खाणाऱ्यास मागाहून. बंदी घालण्यापूर्वी गावाला, विशेषतः बायांना, विचारा. आणि ज्याची रोजी काढून घ्याल त्यास दुसरी द्या. या अटी पाळणाऱ्या सरकारचा उपदेश आम्ही डोक्यावर घेऊ.

परंतु सरकार या अटी पाळीपर्यंत आपण खर्रा चघळीत बसावे, असे नव्हे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे आणि अठरा वर्षांखालील पोरास ती देणे, दोन्ही २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. या कोहमाऱ्यात मुंबई-कलकत्ता हमरस्ता जातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण आवरू शकत नाही, पण आपल्या शाळेसमोरची टपरी आवरू शकतो. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि बायांनी तो मांडावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.