आमचा जांभळा गुलाब
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील मनोगत)



‘ब्लू मून’ या नावाला भुलून मी कलम आणलं. निळा गुलाब कुठला हो! फूल आलं फिकट जांभळं, पण सुवास अप्रतिम. गच्चीवरच्या कडक उन्हात रंग उडायचा, म्हणून कुंडी खाली पूर्वेच्या भिंतीशी ठेवली. तिथे सकाळी ऊन, दुपारी सावली.

त्याच वर्षी यजमान आजारी पडले. आम्ही दवाखान्यात असताना पाणी तुम्ही घातलंत, ऑक्टोबरची छाटणीही केलीत. त्यानंतर दीडएक महिन्याने ते घरी आले, तेव्हा झाडावर फूल होतं.

नर्सरीत नुसत्या नावावर जाऊ नका, उमललेलं फूल पाहूनच कलम घ्या. डोळा भरायला काडी हवी असेल, तर आमच्याकडून हक्काने न्या. ती कुंडी आता सोसायटीचीच आहे.