ट्रक आधी वहीत चालवून पाहा

(निवृत्तीला आलेल्या सभासदांच्या मेळाव्यात युनियन सेक्रेटरींनी केलेले भाषण)



निवृत्ती जवळ आली की पुष्कळ सभासद ऑफिसात येऊन सांगतात, "ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे मिळतील. एक ट्रक घेऊ म्हणतो." रेल्वेवाल्याला मालवाहतूक माहीत असते, टपालाच्या मेलमोटारवाल्याला रस्ता माहीत असतो. म्हणून हा धंदा आपल्याला जवळचा वाटतो. आम्ही कोणाला अडवत नाही. पण आमच्याच शाखेतल्या एका गार्डांनी नुसते भाडे बघून गाडी घेतली. खर्च म्हणून डिझेल आणि ड्रायव्हर एवढेच धरले. दोन वर्षांत हप्ते थकले, फायनान्सवाल्याने गाडी ओढून नेली, फंडाचे पैसेही गेले. आम्ही त्यांना वेळीच हिशेब विचारला नाही, ही आमचीही चूक.

आज तो हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही आपल्या गावचे आकडे घाला.

पहिला खर्च उभ्या गाडीचा. दहाचाकी घेतली, महिना हप्ता 46,000, ड्रायव्हरचा पगार 22,000, विमा, टॅक्स, परमिट, पासिंग मिळून 7,000. झाले 75,000. गाडी दारात उभी असली तरी हे द्यावेच लागतात.

दुसरा खर्च चालत्या गाडीचा. जाऊन-येऊन 1,600 किलोमीटरची फेरी धरा. लिटरला 4 किलोमीटर म्हणजे 400 लिटर, 90 रुपयांनी 36,000. टोल 9,000. टायर, ऑइल, दुरुस्ती किलोमीटरला 5 रुपयांप्रमाणे 8,000. भत्ता, हमाली, दलाली 5,000. एका फेरीला 58,000.

टायरचे पैसे आज खिशातून जात नाहीत, म्हणून माणूस ते धरत नाही. पण दहा टायर झिजतच असतात.

आता जातानाचे भाडे 47,000, येतानाचे 36,000, एकूण 83,000 धरा. महिन्यात पाच फेऱ्या झाल्या तर उभा खर्च फेरीला 15,000 पडतो. 10,000 उरतात, महिन्याला 50,000. तीनच फेऱ्या झाल्या तर तोच खर्च 25,000 पडतो आणि हातात शून्य राहते. त्यातली एक परतफेरी रिकामी आली तर 36,000 चे भाडे बुडाले. रिकामी गाडी डिझेल थोडे कमी खाते, पण टोल तेवढाच आणि हप्ताही तेवढाच.

2016 पर्यंत रेल्वेचे वेगळे बजेट मांडले जाई. त्यात ऑपरेटिंग रेशो आपण सगळे बघत असू: 100 रुपये मिळवायला किती खर्च झाले. तोच या गाडीला लावा. पाच फेऱ्यांना 88, तीन फेऱ्यांना 100. म्हणून "भाडे किती?" याच्या आधी विचारा, "फेऱ्या किती, आणि परतीचा माल कोण देणार?" हे दोन्ही दोन-चार ट्रान्सपोर्टवाल्यांकडे स्वतः जाऊन विचारा. भाड्याची बाकी पोच पावतीनंतर किती दिवसांनी मिळते, तेही विचारा. तेवढे दिवस डिझेल आपल्याच पैशाने भरायचे असते.

तूट दिसली की दोन वाटा सुचतात. पहिली, जास्त माल भरणे. 2019 च्या दुरुस्ती कायद्याने त्याला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 लावले आहेत. दुसरी, सहावी फेरी. पाच फेऱ्या म्हणजे 8,000 किलोमीटर. ताशी 40 आणि 25 दिवस धरले तर ड्रायव्हरचे रोज आठ तास झाले. सहावी फेरी त्याच्या झोपेतून निघते. रनिंग स्टाफच्या ड्यूटीच्या तासांसाठी आपण इतकी वर्षे भांडलो. मालक झाल्यावर ते विसरायचे काय?

तेव्हा ट्रक आधी सहा महिने वहीत चालवा. तीन फेऱ्यांच्या महिन्यातही घर चालेल एवढे पेन्शन किंवा शिल्लक असेल तरच पुढे जा, आणि सगळा फंड एका गाडीत घालू नका. वही घेऊन ऑफिसात या. आम्ही बसून तपासू. सही करण्याआधी या, एवढीच विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!