२३ जुलै : एक तारीख, चार आठवणी

आज २३ जुलै.

१८५६ साली याच दिवशी रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, १९०६ साली, आजच्या मध्य प्रदेशातल्या भाबरा गावी चंद्रशेखर आझाद जन्मले.

हा दिवस आम्हा आकाशवाणीकरांच्याही जिव्हाळ्याचा. १९२७ साली याच तारखेला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. म्हणूनच आज राष्ट्रीय प्रसारण दिन.

आणि १९५२ चा २३ जुलै? त्या दिवशी हेलसिंकी ऑलिम्पिकच्या मॅटवर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लढत होते. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लानं फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून उभा राहिला होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवलं. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा कराडात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

यानंतर मात्र वैयक्तिक पदकासाठी देशाला थेट १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. यावरूनच खाशाबांच्या त्या कुस्तीचं मोल कळतं. त्यांच्या स्मृतीला आमचा मानाचा मुजरा.